पहिलाच कुत्रा आणताय? जात निवडताना या चुका टाळा

आमच्या घरी पहिला कुत्रा आला तो बीगल. लांब कान, पाणीदार डोळे, कुशीत मावणारं पिल्लू, आणि 'लहान कुत्रा म्हणजे कमी व्याप' असा आमचा हिशोब. सहा महिन्यांचा झाला तसा त्याचा सगळा दिवस दाराशी जायला लागला. दाराखालच्या फटीला नाक लावून तो पडून राही, नाकपुड्या भराभर हलत असत. जिन्यात पाऊल वाजलं की मान वर करून असा लांब सूर काढी की तीन मजले खाली ऐकू जाई. बाहेर नेलं की नाक जमिनीला चिकटलेलं. हाका मारून आमचा घसा बसायचा, तो मागे वळूनही बघायचा नाही.

आम्हाला वाटलं, पिल्लू हट्टी निघालं. खरं तर तो अगदी नीट घडलेला बीगल होता. सशाचा माग काढत लांबवर जायचं आणि मागे राहिलेल्या शिकाऱ्याला आवाज देत राहायचं, याच कामासाठी माणसांनी ही जात पिढ्यान्‌पिढ्या घडवली. चूक निवडणाऱ्यांची होती.

त्यानंतर ओळखीतलं कोणी 'कोणतं ब्रीड घेऊ?' असं विचारलं की मी जातीचं नाव सांगत नाही. आधी विचारते, तुमचा कामाचा एखादा साधा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत कसा जातो? घर किती वेळ रिकामं असतं? पावसात, थंडीत, आजारपणात कुत्र्याला बाहेर कोण नेणार? याची उत्तरं मिळाल्याशिवाय जातीबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

रूप बघून ठरवणं

सगळ्यात जास्त घरं इथेच फसतात. निळ्या डोळ्यांचा हस्की पाहिला आणि मनात भरला. पण ही सायबेरियातल्या चुकची लोकांची, बर्फावरून स्लेज म्हणजे बिनचाकी घसरगाडी ओढणारी जात. १९२५ साली अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा स्लेजच्या कुत्र्यांनी टप्प्याटप्प्याने हजारावर किलोमीटर बर्फ तुडवून औषध पोचवलं. बाल्टो आणि टोगो हे त्यातले दोन नावाजलेले हस्की. ज्याच्या रक्तात अशी धाव आहे त्याला दिवसातून दोनदा इमारतीभोवती चक्कर मारून आणलं तर उरलेली ताकद तो कुठे घालवणार? सोफ्यात, दारात, कुंपणाखालची माती उकरण्यात. शिवाय अंगावर केसांचे दोन थर. वर्षातून साधारण दोनदा आतला थर गळतो, तेव्हा कंगव्यात मूठ-मूठ लोकर येते.

बॉर्डर कोलीची गोष्ट थोडी वेगळी. त्याला पायांइतकंच डोक्याला काम लागतं. चेसर नावाच्या एका बॉर्डर कोलीला हजारावर खेळण्यांची नावं ओळखता यायची. अशी बुद्धी रिकामी बसली की स्वतःच काम शोधते. धावणाऱ्या मुलांना एका कोपऱ्यात वळवणं, घोट्याला हलके दात लावणं, सायकलीच्या मागे लागणं हे सगळं त्याच्या लेखी मेंढ्या राखणंच आहे. लोक त्याला चावरा म्हणतात आणि बिचाऱ्याचं घर सुटतं.

म्हणून फोटो बाजूला ठेवा आणि एकच विचारा: या जातीकडून माणसांनी काय काम करून घेतलं? टेरियर बिळातल्या प्राण्यांमागे लागायचे, म्हणून ते बाग खणतात. डॅक्सहुंड या जर्मन नावाचाच अर्थ 'बिज्जू-कुत्रा' असा आहे; बिज्जू म्हणजे बिळात राहणारा बॅजर. रिट्रीव्हर पाडलेले पक्षी तोंडात अलगद धरून आणायचे, म्हणून तुमची चप्पल त्यांच्या तोंडात सापडते. जर्मन शेफर्ड मुळात कळप राखणारा आहे, अनोळखी माणसावर नजर ठेवणं त्याला शिकवावं लागत नाही. उलट कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियलसारख्या जाती माणसाच्या सोबतीसाठीच जोपासल्या गेल्या. स्वभावाने तो पहिल्या घराला फार छान जमतो, मात्र या जातीत हृदयाच्या झडपेचा आजार खूप आढळतो. पिल्लाच्या आई-वडिलांचं हृदय तपासलेलं आहे का, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आकारावरून अंदाज बांधणं

जॅक रसेल टेरियर मांडीवर मावतो, पण दिवसभर दमत नाही. ग्रेहाउंड थोड्या अंतरात ताशी साठ किलोमीटरच्या वर पळतो, आणि घरी आल्यावर तासन्‌तास लोळत पडतो. लहान घर आणि लहान कुत्रा ही जोडी आपण उगाच मनात पक्की केलेली असते. मोठ्या जातींची खरी अडचण दुसरीच आहे. औषधाचा डोस वजनावर ठरतो, आजारी कुत्र्याला उचलून गाडीत ठेवावं लागतं आणि आयुष्यही कमी असतं. ग्रेट डेन बहुधा सात ते दहा वर्षंच जगतो. घरात लहान मुलं असतील तर या वियोगाचाही विचार आधीच करून ठेवावा.

'लॅब घ्या, डोळे झाकून!'

हा सल्ला चुकीचा नाही, अर्धवट आहे. लॅब्रॅडॉर माणसाळू असतो, शिकवलेलं पटकन उचलतो, आणि नवख्या माणसाच्या चुका पोटात घालतो. पण तो पोक्त व्हायला दोन-तीन वर्षं लागतात. तोवर तीस किलोंचं पिल्लू घरभर शेपटीने टेबलावरचे पेले पाडत हिंडतं. आणि भूक! २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की सुमारे एक चतुर्थांश लॅब्रॅडॉरमध्ये एका जनुकात असा बदल असतो की खाण्याची ओढ वाढते आणि वजनही वाढतं. त्यामुळे त्याचे केविलवाणे डोळे बघून वाढू नका. खाद्य रोज काट्यावर मोजून द्या, शिकवताना दिलेला खाऊही त्यातूनच वजा करा. बरगड्यांवरून हात फिरवला की त्या बोटांना लागल्या पाहिजेत. नाही लागल्या तर वजन वाढलेलंच आहे, मग तो दिसायला कितीही गुटगुटीत वाटो. वाढलेलं वजन शेवटी खुब्यांवर येतं, आणि या जातीत खुबे आधीच नाजूक असू शकतात.

चपट्या तोंडाचं कौतुक

पग, फ्रेंच बुलडॉग, इंग्लिश बुलडॉग. स्वभावाने गोड, खेळकर, घरात रमणारे. तरीही पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्याने हे घेऊ नयेत असं माझं ठाम मत आहे. त्यांची घरघर ऐकून सगळे हसतात, व्हिडिओ काढतात. पण जवळ बसून नीट बघा. नाकपुड्या चिरेसारख्या बारीक, श्वास घेताना पोट आत ओढलं जातं, झोपेत मध्येच दचकून उठतो आणि तोंड उघडून हवा घेतो. तोंडाची हाडं माणसाने आखूड केली, आतलं मऊ मांस मात्र तेवढंच राहिलं, म्हणून हवेची वाट अडते. कुत्रा अंग गार करतो ते मुख्यतः धापा टाकून. ज्याला धापच नीट टाकता येत नाही, त्याला उकाडा जिवावर बेतू शकतो.

असा कुत्रा आधीच घरात असेल तर त्याला जपणं तुमच्या हातात आहे. गळपट्टा काढा आणि छातीला बसणारा हार्नेस वापरा. फिरायला पहाटे किंवा रात्री, हवा गार असताना न्या. वजन अजिबात वाढू देऊ नका. बारीक नाकपुड्या आणि लांब टाळू शस्त्रक्रियेने सुधारता येतात, पशुवैद्यांना लवकर विचारा. उन्हात तो लडखडला, लाळ घट्ट झाली, हिरड्या गडद लाल किंवा निळसर दिसल्या तर लगेच सावलीत न्या, अंगावर गार पाणी ओतत राहा, वारा घाला आणि दवाखाना गाठा. 'थोडा आराम केला की बरा होईल' म्हणून थांबू नका.

केस गळत नाहीत, म्हणजे ॲलर्जी होणार नाही?

होऊ शकते. ॲलर्जी मुख्यतः कुत्र्याच्या लाळेतल्या आणि त्वचेच्या कोंड्यातल्या प्रथिनांमुळे होते, आणि ती प्रत्येक जातीत असतात. लॅब्रॅडूडल हे मिश्रण गाजलं ते याच आशेवर. ऑस्ट्रेलियात वॉली कॉनरन यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस एका अंध महिलेसाठी, तिच्या नवऱ्याला त्रास होणार नाही असा वाटाड्या कुत्रा हवा म्हणून लॅब्रॅडॉर आणि पूडलची जोडी लावली. पुढे त्याची जी लाट आली ती पाहून त्यांनीच जाहीरपणे पश्चात्ताप व्यक्त केला. एकाच खेपेतल्या पिल्लांतही कोणाचा त्रास होतो, कोणाचा नाही. घरात कोणाला दमा किंवा ॲलर्जी असेल तर नेमक्या त्याच कुत्र्यासोबत, बंद खोलीत, दोन-तीन वेळा काही तास काढून बघा.

पूडलच्या केसांचं आणखी एक. ते जमिनीवर पडत नाहीत कारण कुरळ्या केसांतच अडकतात. वरून मऊ दिसतं, पण कानामागे, काखेत बोटं घाला, तिथे नमद्यासारखी गाठ लागते, आणि ती कातडी ओढते. रोजचं विंचरणं आणि ठराविक दिवसांनी कापणं जमणार असेल तरच पूडल आणावा.

घाईत पिल्लू उचलणं

आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये. भावंडांशी खेळताना चावा किती जोरात घ्यायचा हे ते शिकत असतं. आई दाखवायला टाळाटाळ करणाऱ्याकडून पिल्लू घेऊ नका. 'टीकप' म्हणून विकली जाणारी इवलीशी पिल्लं आणि 'दुर्मिळ रंग' या दोन्ही आमिषांपासून लांब राहा. मर्ल म्हणजे फिक्या अंगावर गडद डाग असलेल्या दोन कुत्र्यांच्या जोडीतून जन्मलेली काही पिल्लं बहिरी किंवा आंधळी असतात, आणि फार लहान पिल्लांची रक्तातली साखर पटकन उतरते.

आणि पिल्लूच हवं असा हट्ट कशाला? २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांचा अभ्यास आला. एकेकट्या कुत्र्याच्या वागण्यातला जेमतेम ९ टक्के फरक जातीवरून सांगता येतो, असं त्यात दिसलं. शिकवलेलं ऐकणं किंवा लांब सूर काढणं यात जातीचा हात जास्त, चटकन चिडण्यात जवळपास नाहीच. म्हणजे जात कल सांगते, हमी देत नाही. आश्रयगृहातला तीन-चार वर्षांचा, मिश्र जातीचा कुत्रा निवडला तर त्याचा स्वभाव समोर दिसत असतो. एकटा राहतो का, मुलांना बघून शेपूट हलवतो की मागे सरतो, हे तिथे विचारता येतं, स्वतः बघताही येतं. नवख्या माणसासाठी मला हीच निवड सगळ्यात भरवशाची वाटते.

चुकीची जात आलीच घरी, मग?

घाबरून जाऊ नका. सहा महिने ते दीड वर्ष हे कुत्र्याचं वयात येण्याचं वय. शिकवलेलं सगळं विसरल्यासारखं वागतो. त्या काळात 'हा आपल्याला जमणार नाही' असा निकाल देऊ नका. चांगला वागणारा कुत्रा अचानक चिडका झाला, घरात लघवी करायला लागला तर आधी तपासणी करून घ्या, कुठेतरी दुखत असण्याची शक्यता असते.

बाकी उपाय त्याच्या मूळ कामातूनच निघतो. आमच्या बीगलला आम्ही जुन्या टॉवेलच्या घड्यांत कोरड्या खाद्याचे दाणे पसरून, टॉवेल गुंडाळून द्यायला लागलो. नाकाने एकेक घडी उलगडत तो वीस मिनिटं गढून जायचा आणि मग झोपायचा. फिरताना दहा मीटरची लांब दोरी लावली आणि पहिली पंधरा मिनिटं त्याला हवं तिथे हुंगू दिलं. महिन्याभरात दाराशी रडणं निम्म्यावर आलं. हस्कीला ओढायचं काम, कोलीला रोज नवी युक्ती, टेरियरला उकरायला वाळूची एक पेटी द्या. डॅक्सहुंड असेल तर सोफ्याला उतरण लावा, त्याच्या लांब पाठीला उड्या झेपत नाहीत. एकटं राहायची सवय एका मिनिटापासून लावा आणि रडायच्या आत परत या.

एवढं करूनही जमलं नाही, तर कुत्रा दुसऱ्या योग्य घरी देण्यात लाज नाही. फक्त त्याच्याबद्दल काही लपवू नका. एका कागदावर सगळं लिहून द्या. तो कशाला घाबरतो, कुठे हात लावलेला आवडत नाही, कोणत्या शब्दाला बसतो, शेवटची लस कधी झाली. आणि ज्या पांघरुणावर तो झोपायचा ते न धुता सोबत पाठवा.