खोक्यातली पिल्लं

पुण्याहून मागवलेली कोंबडीची शंभर गावरान पिल्लं कागलला उतरवली, तर सात मेलेली, बाकीची मान टाकून. अंड्यातनं आलेलं पिल्लू पोटातल्या बलकावर दोन-तीन दिवस तगतं, पण गाडीवाल्यानं खोकं पोत्यांखाली दाबलेलं. हवाच नाही!

आई म्हणाली, "आधी खाद्य नको, गुळाचं पाणी दे." एकेकाची चोच कोमट पाण्यात बुडवली, घोट घेऊन पिल्लू मान वर करतं, तेव्हा जीव भांड्यात पडतो. बल्बखाली ३५ अंशांची ऊब. तिघांचं मागचं भोक विष्ठा वाळून बंद झालेलं. ओल्या फडक्यानं भिजवून सोडवलं. ओढलं तर कातडं निघतं. सातव्या दिवशी राणीखेत या कोंबड्यांच्या रोगावरच्या लासोटा लसीचा थेंब डोळ्यात.

पुढची खेप रात्री स्वतः जाऊन आणली, खोकं मांडीवर ठेवून.