ब्लाउजची बाही काचते? उसवण्याआधी या चुका टाळा

बाही घट्ट झाली की बहुतेक जणी आधी काखेतली टीप उसवतात आणि मग विचार करतात. त्याआधी ब्लाउज घालून आरशासमोर उभ्या राहा आणि वरच्या फळीवरचा डबा काढताना नेतो तसा हात वर न्या. हात खाली असतानाच दंडावर वळ उठत असेल तर दंडघेर कमी आहे. एरवी सगळं ठीक, पण हात वर नेताच ब्लाउज बरगड्यांवरून वर चढत असेल तर दोष मुंढ्याचा, म्हणजे बाही अंगाला जिथे जोडतात त्या गोलाईचा. तिथे दंड कितीही सैल करा, उपयोग नाही.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे काखेत काचतं म्हणून मुंढा आणखी खाली कोरणं. मीही केली आहे, तीही सिल्कच्या ब्लाउजवर. मुंढा जितका खाली जातो, तितका हात उचलताना अख्खा ब्लाउज सोबत ओढला जातो. आणि कापलेलं कापड परत येत नाही. त्यापेक्षा काखेत कळी घाला. काखेपासून बाहीची आणि कुशीची (काखेखाली बाजूने जाणारी) शिलाई ३-३ इंच उसवायची. पानाच्या आकाराचा, मधोमध २ इंच रुंद तुकडा (शिवणीत जाणारं कापड वेगळं धरा) उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरका, कापून तिथे बसवायचा. टोकं बाहीकडे आणि कुशीकडे, रुंद भाग काखेत. उरेब कापड ताण घेतं, म्हणून हात मोकळा होतो.

दंडघेर वाढवायचा असेल तर हात कोपरात दुमडून माप घ्या. सरळ हाताचं माप फसवतं. टीप पाव इंच बाहेर नेली की घेरात अर्धा इंच मिळतो. पण फक्त बाही सोडली आणि कूस तशीच ठेवली तर बाहीचा मुंढा अंगाच्या मुंढ्यापेक्षा मोठा होऊन चुण्या पडतात. दोन्ही सारखंच सोडा, नाहीतर टीप मुंढ्यापाशी जुन्या टिपेला मिळवा. नवी टीप आधी मारा, जुनी नंतर उसवा. सिल्कवर जुन्या सुईची भोकं दिसत राहतात, हे आधीच मान्य करून टाका.

दोन-तीन धुण्यांनंतर अचानक बाही घट्ट झाली असेल तर आधी उलटून बघा. सुती अस्तर आटलेलं असतं आणि वरचं कापड त्यावर सुरकुतलेलं. अशा वेळी नुसतं अस्तर सोडलं तरी भागतं. न धुतलेलं अस्तर लावणाऱ्या शिंप्याला पुढच्या वेळी कापड धुऊन, वाळवूनच द्या.

बाही पूर्ण काढणार असाल तर डावी-उजवी आणि पुढची बाजू खडूने खुणावून ठेवा. पुढचा मुंढा जास्त खोल असतो. बाह्या बदलल्या तर पुढे ताण आणि मागे फुगा, आणि चूक कुठे झाली ते सापडता सापडत नाही.

काठाच्या बाहीत दाबाला, म्हणजे शिवणीच्या आत, जादा कापडच नसेल तर काठाला हात लावू नका. काखेच्या बाजूने, मुंढ्याकडे निमुळती होत जाणारी जुळत्या रंगाची पट्टी जोडा. हात खाली असला की ती दिसत नाही.