घरासमोर आरव्ही उभी करता येत नसेल, तर देखभालीची जागा ठरवण्यापूर्वीची तयारी

डॅलसच्या उत्तरेकडील फ्रिस्को, प्लेनो आणि मॅकिनी या उपनगरांत राहणाऱ्या ज्या मराठी कुटुंबांनी हौसेने आरव्ही, म्हणजे गाडीमागे ओढायचे फिरते घर (ट्रॅव्हल ट्रेलर) किंवा स्वतःचे इंजिन असलेले मोटरहोम, घेतले आहे, त्यांच्यापुढे पहिल्या सहलीनंतर लगेच एक प्रश्न उभा राहतो. गाडी स्टोरेजमध्ये, म्हणजे ती ठेवण्यासाठी भाड्याने घेतलेल्या जागेत, ठेवता येते, पण तिची देखभाल करायची कुठे? मी स्वतः या प्रश्नाशी बराच काळ झगडलो. सर्व कामांसाठी एकच जागा शोधत बसणे ही माझी मूळ चूक होती. म्हणून या तयारीची सुरुवात जागेपासून न करता कामांपासून करावी. वर्षभरातील सगळी कामे कागदावर लिहून काढावीत आणि प्रत्येक कामापुढे त्याला पाणी, वीज, सांडपाण्याची जोडणी, सिमेंटची कठीण जमीन आणि वेळ यांपैकी काय लागते ते नोंदवावे. असे केल्यावर ध्यानात येते की निम्म्याहून अधिक कामांना यांतले फारसे काहीच लागत नाही.

त्यानंतर घरमालक संघटनेची, म्हणजे एचओएची, नियमावली आणि शहराचा पार्किंगचा नियम हे दोन्ही स्वतंत्रपणे वाचावेत, कारण एकाची परवानगी दुसऱ्याला लागू होत नाही. अनेक नियमावल्यांत सामान चढवण्या-उतरवण्यासाठी एक-दोन दिवस गाडी घरासमोर उभी करण्याची सवलत असते. मात्र वाहनदुरुस्तीला मनाई करणारे कलम बहुधा वेगळ्या पानावर असते, तेही शोधून वाचावे. सवलत किती तासांची, ती महिन्यातून किती वेळा आणि त्यासाठी आधी कळवावे लागते का, याचे उत्तर व्यवस्थापकाकडून ईमेलने घ्यावे. या वेळात आतली स्वच्छता, गॅस, धूर आणि कार्बन मोनॉक्साइडच्या सूचकांची चाचणी, टायरमधील हवा आणि टायरवरील तारीख पाहणे एवढीच कामे योजावीत. टायरवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकातील शेवटचे चार आकडे उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतात. उदाहरणार्थ 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी वय वाढलेल्या टायरवर विसंबून मुलाबाळांना घेऊन महामार्गावर जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

स्टोरेजची जागा घेताना आपण भाडे आणि अंतर पाहतो, पण करारातील देखभालीविषयीचे कलम सही करण्यापूर्वी वाचणे त्याहून महत्त्वाचे आहे. आम्ही पूर्वी गाडी ठेवत असू त्या ठिकाणच्या व्यवस्थापकाने छोट्या कामांना तोंडी होकार दिला होता. तो बदलून गेल्यावर नव्या व्यवस्थापकाने करारावर बोट ठेवून आम्हाला शिडी उतरवायला लावली, आणि छताचे काम अर्धवट राहिले. म्हणून शिडी लावून छत तपासता येईल का, सांधे बुजवणारे सीलंट भरता येईल का, बॅटरी बदलता येईल का, बाहेरचा तंत्रज्ञ बोलावता येईल का आणि त्याच्या विम्याचा दाखला लागेल का, हे प्रश्न लेखी विचारावेत आणि उत्तराची प्रत गाडीतच ठेवावी.

छताविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण या गाड्यांचे आयुष्य तिथेच ठरते. पाणी छतावरील झरोके, एसी, अँटेना आणि कडा यांच्या सांध्यांतून शिरते आणि आतले लाकूड कुजायला लागल्यावरच आपल्याला कळते. दर तीन महिन्यांनी तपासणी करावी. तिला शिडी, ओले फडके आणि अर्धा तास पुरतो, त्यामुळे स्टोरेजमधली परवानगी सर्वप्रथम याच कामासाठी मिळवावी. छत रबराचे, म्हणजे ईपीडीएमचे, असेल तर पेट्रोलियमयुक्त क्लीनर वापरू नये आणि भेग भरण्यासाठी घरगुती सिलिकॉनऐवजी छताच्या प्रकाराला चालणारे, स्वतः पसरून समतल होणारे लॅप सीलंट घ्यावे, कारण सिलिकॉनवर पुढे दुसरे सीलंट नीट चिकटत नाही. डॅलस परिसरात वसंत ऋतूत गारांची वादळे येतात, म्हणून प्रत्येक वादळानंतर एक जादा तपासणी धरावी. परवडत असेल तर छप्पर असलेली जागाच घ्यावी.

थंडीत पाण्याच्या नळ्या गोठून फुटू नयेत म्हणून करायचे कामही स्टोरेजमध्ये होऊ शकते, हे मला बऱ्याच उशिरा उमगले. टाक्या आणि वॉटर हीटर आधी डंप स्टेशनवर, म्हणजे आरव्हीचे सांडपाणी सोडण्याच्या ठिकाणी, रिकामे करून आणले आणि हीटरला बायपास केले, म्हणजे पाण्याच्या मार्गातून वगळले, की गाडीचाच पंप वापरून दोन-तीन गॅलन गुलाबी आरव्ही अँटिफ्रीझ (न गोठणारा द्रव) नळांतून फिरवता येते. त्याला ना नळाची जोडणी लागते ना बाहेरची वीज. मोटारीच्या इंजिनात घालायचे अँटिफ्रीझ विषारी असते, ते यासाठी कधीही वापरू नये. टेक्सासमध्ये याची काय गरज, असे ज्यांना वाटते त्यांनी फेब्रुवारी 2021 मधील कडाका आठवावा. हे सामान नोव्हेंबरातच घेऊन ठेवावे, कारण थंडीचा इशारा आल्यावर दुकानांत ते शिल्लक राहत नाही.

विजेबाबत मात्र पूर्ण सावध राहावे. आरव्हीची 30 अँपिअरची जोडणी 120 व्होल्टची असते, पण तिचा सॉकेट कपडे वाळवण्याच्या यंत्राच्या जुन्या 240 व्होल्टच्या सॉकेटशी मिळताजुळता दिसतो, आणि आरव्हीची माहिती नसलेला इलेक्ट्रिशियन तो चुकून 240 व्होल्टला जोडून देतो. अशा ठिकाणी प्लग लावताच आतली उपकरणे जळू शकतात. त्यामुळे मित्राचे घर असो वा भाड्याची जागा, प्लग लावण्यापूर्वी मल्टिमीटरने विजेचा दाब (व्होल्टेज) मोजावा. साध्या 15 अँपिअरच्या सॉकेटवर अडॅप्टर लावून बॅटरी चार्ज करता येते. त्यावर छतावरचा एसी चालवू नये. जनरेटर महिन्यातून एकदा भार देऊन चालवणे आवश्यक असले, तरी ते बंदिस्त गाळ्यात करू नये, कारण त्याच्या धुरातील विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पाण्याशी संबंधित कामांसाठी सर्व जोडण्या असलेली कॅम्पग्राउंडची जागा दोन रात्रींसाठी आरक्षित करणे, हा माझ्या अनुभवात सर्वांत चांगला मार्ग आहे. आरक्षण करतानाच किरकोळ देखभाल आणि बाहेरचा तंत्रज्ञ चालतो का, हे विचारावे. पहिल्या संध्याकाळी, पाण्याची टाकी निर्जंतुक करण्यासाठी, पाण्याचा फिल्टर काढून, हीटर बायपास करून, टाकीच्या दर 15 गॅलनमागे पाव कप साधे, सुगंधविरहित ब्लीच पाण्यात मिसळून टाकीत भरावे, म्हणजे 45 गॅलनच्या टाकीला पाऊण कप. प्रत्येक नळातून वास येईपर्यंत पाणी सोडावे, रात्रभर तसेच ठेवावे आणि सकाळी वास जाईपर्यंत धुवावे. ब्लॅक टँकची, म्हणजे शौचालयाच्या मैल्याच्या टाकीची, धुलाईही इथेच उरकावी. सबर्बन कंपनीचा स्टीलच्या टाकीचा हीटर असेल तर त्याचा अ‍ॅनोड रॉडही (टाकी गंजू नये म्हणून तिच्याऐवजी झिजणारी धातूची कांडी) इथेच तपासावा. मात्र त्याआधी हीटर बंद करून थंड होऊ द्यावा, पाणीपुरवठा बंद करावा आणि आतला दाब सोडावा.

फिरता तंत्रज्ञ बोलावताना गाडीचे मॉडेल, बिघाडाचे छायाचित्र, फाटकाच्या वेळा आणि गाडीभोवती किती जागा मोकळी आहे हे आधी कळवावे. टेक्सासमध्येच अथेन्स येथे आरव्ही तंत्रज्ञांचे प्रशिक्षण केंद्र आहे, त्यामुळे या भागात प्रशिक्षित माणसे मिळतात. प्रमाणपत्र मागायला संकोच करू नये.

इंजिन ऑइल, ब्रेक आणि चॅसीची, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याची, कामे स्वतःकडे ठेवू नयेत. फोर्ड ई-450 चॅसीवरील मोटरहोमचे अनुज्ञेय एकूण वजन सुमारे 14,500 पौंडांपर्यंत असते आणि उंची 10 फुटांच्या पुढे जाते, त्यामुळे नेहमीचे मोटार गॅरेज ती घेत नाही. ट्रकची कामे करणाऱ्या कार्यशाळेला उंची, लांबी आणि वजन फोनवर सांगूनच वेळ घ्यावी. ट्रेलरच्या चाकांचे बेअरिंग साधारण 12 महिन्यांनी किंवा 12,000 मैलांनी ग्रीस करावे लागते. ते स्वतः करणाऱ्याने सिमेंटची सपाट जमीनच शोधावी, कारण उन्हाने मऊ झालेल्या डांबरात जॅक रुततो. जॅक अ‍ॅक्सलच्या नळीखाली न लावता चौकटीखाली लावावा आणि चाक बसवल्यावर नट 10, 25 आणि 50 मैलांनंतर टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) पुन्हा तपासावेत.

शेवटी कचऱ्याची सोय काम सुरू होण्याआधीच ठरवावी. वापरलेले तेल ऑटोझोनसारख्या सुट्या भागांच्या दुकानांत स्वीकारले जाते, तरी जवळच्या शाखेत फोन करून विचारावे. भांडी धुतलेले पाणीसुद्धा रस्त्याकडेच्या गटारात सोडू नये. ते गटार शुद्धीकरण केंद्राकडे न जाता थेट ओढ्यात उतरते. जागा सोडताना खाली अंथरलेली ताडपत्री, रिकाम्या सीलंटच्या नळ्या आणि फडकी उचलून न्यावीत, आणि स्वच्छ जमिनीचे छायाचित्र काढून ते परवानगीच्या ईमेलला उत्तर म्हणून व्यवस्थापकाला पाठवावे.