साताऱ्याहून कोकण किनाऱ्यावर एकट्याने सायकलने जाताना

साताऱ्याकडून कोकणात सायकलने उतरणाऱ्यांना घाटाची धास्ती असते, पण खरी तयारी करावी लागते ती किनाऱ्यासाठी. नकाशावर समुद्राला लागून सरळ दिसणारा रस्ता प्रत्यक्षात खाडीपाशी उतरतो, तिथून जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या खडकाच्या सपाट पठारावर, चढतो आणि पुढच्या गावाशी पुन्हा पाण्याच्या पातळीला येतो. सडा अनेक ठिकाणी १०० मीटरच्या आसपासच असला, तरी असे चढ दिवसभर एकामागून एक येत राहतात. म्हणून दिवसाचा टप्पा किलोमीटरवर न ठरवता चढ मोजून ठरवावा.

सरावासाठी यवतेश्वरचा घाट उत्तम आहे. मात्र सामान लादूनच चढावे, उतरावे आणि थोड्या विश्रांतीनंतर पुन्हा चढावे, कारण दुसऱ्या चढाला पाय किती साथ देतात हेच आपल्याला जाणून घ्यायचे असते. पेडलजवळची सर्वांत लहान दातेरी चकती मागच्या चाकावरच्या सर्वांत मोठ्या चकतीपेक्षा कमी दातांची असावी. पुढे २८ आणि मागे ३४ दात असले, तर भरलेली सायकलही बसून चढवता येते.

नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ निवडावा. उंब्रज, पाटण, कोयनानगर असे जाऊन कुंभार्ली घाटाने चिपळूण गाठावे. या उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नयेत. वळणाआधी दोन्ही ब्रेक ठामपणे लावून वेग कमी करावा, मग ते सोडावेत. चाकाच्या कडेवर, म्हणजे रिमवर, दाबणारे रिम ब्रेक असतील, तर घर्षणाने रिम तापून ट्यूब फुटू शकते. मध्ये थांबून रिम निवू द्यावी.

चिपळूणहून गुहागरला आल्यावर दक्षिणेकडे वळावे, कारण या दिवसांत दुपारचा समुद्री वारा बहुधा वायव्येकडून येतो आणि पाठीशी राहतो. वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळला पोहोचावे. तवसाळ ते जयगड ही खाडी फेरीबोटीने ओलांडायची असते. शेवटच्या फेरीची वेळ आदल्या दिवशीच गावात विचारून ठेवावी, कारण ती चुकली तर पूल गाठण्यासाठी बराच आत वळसा पडतो. पुढे गणपतीपुळे आणि आरे-वारे करत रत्नागिरी येते. आरे-वारेचा चढ माझ्या मते सकाळीच घ्यावा. उन्हात तापलेला सडा आणि सावलीचा अभाव माणसाला लवकर थकवतो.

एकट्या माणसाने काही निर्णय निघण्यापूर्वीच पक्के करावेत. अंधारात सायकल चालवायची नाही आणि घरी रोज ठरलेल्या वेळी फोन करायचा, हे त्यांपैकी पहिले. दोन ट्यूब, पंप आणि चेन जोडण्याचे हत्यार जवळ हवे, आणि ते स्वतःला वापरता यायला हवे. सड्यावर दुकान लागेलच असे नाही, म्हणून प्रत्येक गावात पाणी भरून घ्यावे. खाऱ्या हवेने चेन लवकर गंजते. मुक्कामाला पोहोचताच ती पुसून तेलाचे थेंब सोडावेत.

परतीला रत्नागिरीहून साखरप्यापर्यंत येऊन मुक्काम करावा आणि पहाटे आंबा घाट चढून मलकापूर, कोकरूडमार्गे कराडला यावे.