शाकाहारावर वजन उतरवायचं तर ताट कसं मांडायचं

शाकाहाराने वजन कमी होतं का? होतं, पण नुसतं मटण-मासे सोडून होत नाही. पिढ्यानपिढ्या मांसाला हात न लावलेल्या आपल्या कितीतरी घरांत सुटलेली पोटं आहेत, मधुमेह आहे, चाळिशीतच सुरू झालेली गुडघेदुखी आहे. श्रावण पाळणाऱ्या घरांत महिनाभर मटण-मासे बंद असतात. त्या जागी साबुदाण्याची खिचडी, पुरणपोळी, नारळीभात, बटाटेवडे येतात आणि महिनाअखेरीस वजनकाटा होता तिथेच असतो. म्हणजे ताटातून काय गेलं, यापेक्षा त्या जागी काय आलं ते बघायला हवं.

कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठाने ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या हजारो लोकांचा आहार तपासला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या आकड्यांत मांसाहारी लोकांचा सरासरी बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) २८.८ होता, दूध-अंडी घेणाऱ्या शाकाहारींचा २५.७ आणि दूधही न घेणाऱ्यांचा २३.६. फरक चांगलाच मोठा आहे. पण या पंथात शाकाहार म्हणजे शेंगवर्गीय दाणे, भाज्या, फळं, सुकामेवा आणि अख्खी धान्यं यांवर भर असतो.

केविन हॉल या संशोधकांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केलेला प्रयोग २०२१ साली प्रसिद्ध झाला. वीस माणसांना दोन आठवडे कमी चरबीचा वनस्पतीजन्य आहार दिला आणि दोन आठवडे मांस-अंडी-लोण्याचा, जवळजवळ पिष्टमय पदार्थ नसलेला आहार दिला. दोन्ही वेळा पोटभर खायची मुभा होती. वनस्पतीजन्य आहारावर त्यांनी रोज सुमारे ६९० कॅलरी कमी खाल्ल्या आणि उपाशी राहिल्यासारखं काही त्यांना वाटलं नाही. भाज्या आणि कडधान्यांत पाणी आणि चोथा भरपूर असतो, त्यामुळे पोट भरतं पण कॅलरी कमी जातात. शाकाहाराचा खरा फायदा तो हाच. तेल, साखर आणि मैदा वाढला की हा फायदा संपतो. एक ग्रॅम पिठात किंवा साखरेत साडेतीन ते चार कॅलरी असतात आणि एक ग्रॅम तेलात ९.

पहिलं काम: मोजमाप

सुरुवातीलाच वजन आणि कंबर लिहून ठेवा. कंबर बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून, पोट न ओढता मोजायची. आपल्याकडे पुरुषांची कंबर ९० सेंटीमीटरच्या वर आणि बायकांची ८० च्या वर गेली की धोका वाढतो, असं धरतात. बीएमआयची रेघही आपल्यासाठी पाश्चात्त्यांपेक्षा खाली आहे: २३ च्या पुढे जादा वजन, २५ च्या पुढे स्थूलपणा. मग तीन दिवस, त्यात एक रविवार धरून, तोंडात जाईल ते सगळं लिहा. चहाबरोबरची खारी आणि मुलाच्या ताटात उरलेलं संपवलं तेसुद्धा लिहायचं.

दुसरं: तेलाचा हिशोब

माझ्या मते मराठी शाकाहारी घरात सर्वांत मोठी सुधारणा इथेच होते, म्हणून इथे जरा थांबते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांतल्या २००० कॅलरींच्या ताटात दिवसाला माणशी २७ ग्रॅम तेल-तूप आहे. चौघांच्या घराला महिन्याला हे तेल-तूप मिळून साडेतीन लिटरच्या आसपास होतं. तुमच्याकडे किती लागतं ते बघा. तेलाचा डबा फोडाल त्या दिवशी त्याच्यावर पेनाने तारीख घाला आणि संपेल त्या दिवशी पुन्हा बघा. पाच लिटरचा डबा तीन आठवड्यांत संपत असेल, तर वजन का हलत नाही हे शोधायला दुसरीकडे जावं लागणार नाही.

पळीने तेल ओतणं बंद करा आणि डब्याशेजारी चहाचा चमचा ठेवा. वजन उतरवणाऱ्या माणसाला दिवसाला तीन ते चार चहाचे चमचे तेल-तूप पुरतं.

मटकीची उसळ घ्या. चौघांसाठी दीडशे ग्रॅम मटकी रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणा. कढईत दोनच चहाचे चमचे तेल तापवा. मोहरी तडतडली की हिंग, हळद आणि कढीपत्ता घाला. मग कांदा घालून लगेच चिमूटभर मीठ टाका आणि झाकण ठेवा. मिठाने कांद्याला पाणी सुटतं आणि तो त्या पाण्यातच मऊ होतो. कोरडा पडला तर पाण्याचा हबका मारा, तेलाकडे हात नेऊ नका. मटकी घालून वर ताटलीत पाणी ठेवा आणि वाफेवर शिजू द्या. ताटलीतलं गरम झालेलं पाणीच नंतर रसाला वापरा. गोडा मसाला, दोन आमसुलं, गुळाचा लहानसा खडा, वरून कोथिंबीर. फोडणीत चार मोठे चमचे तेल घातलं असतं तर नुसत्या तेलाच्याच माणशी सव्वाशे कॅलरी झाल्या असत्या. अशा उसळीत त्या पंचविसाच्या आत राहतात. चवीला कमी पडत नाही, फक्त तर्री येत नाही.

कोकणात आणि गोव्यात हेच लक्ष नारळाकडे द्यायला हवं. वाटीभर खवलेल्या खोबऱ्यात तीनशेच्या आसपास कॅलरी असतात. मूगागाठी, म्हणजे मोडाच्या मुगाची नारळ घातलेली उसळ, करताना वाटण निम्मं करा आणि उरलेला दाटपणा थोडे शिजलेले मूग वाटून आणा.

तिसरं: वरण-उसळ पुढे, भात-पोळी मागे

आपल्या नेहमीच्या ताटात तीन-चार पोळ्या, भाताची मूद, बटाट्याची भाजी आणि दोन चमचे पातळ वरण असतं. यात पीठच पीठ होतं. प्रथिनं कमी पडतात, आणि ती कमी पडली की दोन तासांत भूक लागते. शिवाय वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही झिजतात.

साधारण माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. वजन उतरवताना एक ग्रॅम धरा. ६० किलोच्या बाईला ६० ग्रॅम झाली. ती शाकाहारात अशी जमतात: ८५ ग्रॅम कोरडी डाळ-कडधान्यं दिवसभरात मिळून, सुमारे २० ग्रॅम. चार फुलके, १२ ते १३. दूध-दही-ताक मिळून ३०० मिलीलिटर दुधाचं, जवळपास १०. मूठभर शेंगदाणे, ७. सोयाबीनच्या वड्या २५ ग्रॅम, आणखी १२ ते १३. वड्या नको असतील तर त्या जागी पनीर घ्या. पनीरमध्ये प्रथिनांइतकीच चरबीही असते, तेव्हा पन्नास-साठ ग्रॅमच्या पुढे जाऊ नका आणि त्या भाजीत मलई-काजू घालू नका.

जेवायला बसताना आधी ताटात वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ, निम्मं ताट भाजी-कोशिंबीर, आणि शेवटी पोळी किंवा भात वाढा. पोळी आणि भात दोन्ही एकाच जेवणात नकोत. पिठलं, मुगाचं धिरडं, मेथीचं वरण, आमटी हे सगळं याच बाजूचं आहे.

भाकरी खाल्ली की वजन उतरतं, असं हल्ली सर्रास सांगतात. ज्वारी-बाजरीत चोथा चांगला असतो, मला स्वतःला भाकरीच आवडते, पण शंभर ग्रॅम ज्वारीच्या आणि गव्हाच्या पिठातल्या कॅलरी जवळपास सारख्याच आहेत. एका भाकरीला सत्तर-ऐंशी ग्रॅम पीठ लागतं, एका फुलक्याला तीस. दोन भाकऱ्या म्हणजे पाच फुलके. एकच भाकरी घ्या आणि बरोबर भरपूर पालेभाजी.

चौथं: उपास

एकादशी, दुप्पट खाशी असं म्हणतात ते खरंच आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध स्टार्च, शंभर ग्रॅममध्ये प्रथिनं एक ग्रॅमसुद्धा नाहीत. दाण्याचं कूट, बटाटा आणि तूप घातलेली ताटलीभर खिचडी सहज सहाशे कॅलरींवर जाते. दोन फुलके, उसळ आणि कोशिंबिरीचं साधं जेवण साडेचारशेच्या आत बसतं.

आषाढी, संकष्टी, श्रावणी सोमवार पाळत असाल तर जरूर पाळा. त्या दिवशी वाटीभर वरीचे तांदूळ आणि पातळ दाण्याची आमटी, काकडीची दही घातलेली कोशिंबीर, ताक, एखादं फळ, संध्याकाळी राजगिऱ्याच्या लाह्या आणि दूध इतकं पुरेल. वेफर्स, तळलेले पापड आणि बटाट्याचा चिवडा उपासाला चालत असले, तरी ते तळणच आहे.

पाचवं: मधल्या वेळचं

दिवसाला दोन-दोन चमचे साखरेचे चार चहा म्हणजे साखरेच्याच दीडशे कॅलरी. साखर अर्ध्या चमच्यावर आणा, दर आठवड्याला थोडी थोडी कमी करत. म्हशीच्या ६ टक्के स्निग्धांशाच्या दुधाऐवजी ३ टक्क्यांचं टोन्ड दूध घ्या. चार वाजता भूक लागतेच. तेव्हा फुटाणे, उकडलेल्या शेंगा, ताक किंवा पेरू हाताशी हवा. फरसाण घरात आणून ठेवायचं आणि मग खायचं नाही, हे कुणालाच जमत नाही. ते आणूच नका.

तब्येतीकडे लक्ष

बी१२ हे जीवनसत्त्व वनस्पतीजन्य अन्नात नसतं, शाकाहारात ते दूध-दह्यातूनच थोडंफार मिळतं. मुंग्या येणं, थकवा, विसरायला होणं असं काही असेल तर रक्त तपासून घ्या. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेत असाल तर ते औषधच बी१२ कमी करतं, तेव्हा तपासणी कराच. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर भात-पोळी कमी करण्याआधी डॉक्टरांना सांगा, डोस बदलला नाही तर साखर एकदम खाली जाऊ शकते. गरोदर बायकांनी आणि अंगावर पाजणाऱ्यांनी वजन उतरवायच्या मागे लागू नये. मूत्रपिंडाचा आजार असेल तर वरचा प्रथिनांचा हिशोब तुमच्यासाठी नाही.

किती उतरेल, आणि थांबलं तर

आठवड्याला अर्धा किलो हा चांगला वेग आहे. त्याहून फार झपाट्याने उतरवलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. ७० किलोच्या माणसाचं साडेतीन किलो उतरलं तरी रक्तदाब आणि साखरेवर फरक दिसू लागतो. आठवड्यातून एकदाच, सकाळी पोट साफ झाल्यावर वजन करा. रोज बघितलं तर मिठाने आणि पाण्याने होणारे चढउतार उगाच जिवाला लागतात.

महिना-दीड महिन्याने काटा अडला तर पुन्हा तीन दिवसांची वही काढा आणि तेलाच्या डब्यावरच्या तारखा ताडून बघा. बहुतेक वेळा चमचा जाऊन पळी परत आलेली असते, किंवा शनिवार-रविवारच्या बाहेरच्या जेवणात आठवड्याची बचत गेलेली असते. तिथेही सगळं ठीक असेल, तर थायरॉइडची तपासणी करून घ्या आणि रोजच्या चालण्यात वीस मिनिटांची भर घाला.