एसीत गॅस भरताना वेट बल्ब तापमान कसं मोजावं

गोव्यात मार्च सरला की एसी दुरुस्तीवाल्यांचे फोन वाजू लागतात ते पाऊस स्थिरावेपर्यंत. मेकॅनिक येतो, आऊटडोअरच्या सर्व्हिस व्हॉल्व्हला दाब मोजणारं गेज लावतो, सुई नेहमीच्या आकड्यावर येईपर्यंत गॅस सोडतो, जाड पाईप हाताने चाचपतो आणि काम झालं म्हणतो. आपल्याकडच्या दमट हवेत नुसत्या सुईवर विसंबणं धोक्याचं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. जानेवारीच्या कोरड्या दुपारी जो आकडा बरोबर ठरतो, तोच जूनच्या पहिल्या सरींनंतर चुकीचा ठरू शकतो. फरक पडतो तो खोलीतल्या हवेत पाणी किती आहे याने, आणि ते सुईला कळत नाही. ते सांगतं वेट बल्ब तापमान, म्हणजे ओल्या वातीने झाकलेला थर्मामीटर वाऱ्यात जितका खाली उतरतो तो आकडा. ते मोजायला ओली वात आणि साधा थर्मामीटर पुरतो. गॅस भरणं हे प्रशिक्षित मेकॅनिकचंच काम. पण हे मोजमाप घरातला कोणीही करू शकतो आणि मेकॅनिकच्या हातात आकडा ठेवू शकतो.

आधी थोडं कारण. एसीचं इनडोअर कॉइल दोन कामं करतं: हवा गार करतं आणि हवेतली वाफ पाणी करून ड्रेनच्या नळीने बाहेर काढतं. दुसरं काम आपल्याला दिसत नाही, पण ते फार जड आहे. एक लिटर पाणी हवेतून काढायला सुमारे 2450 किलोज्यूल उष्णता ओढून घ्यावी लागते. दीड टनाच्या एसीची पूर्ण ताकद या एकाच कामाला लावली, तरी पावणेआठ मिनिटं जातील. आता दोन खोल्या घ्या, दोन्हींत साधा थर्मामीटर 28 अंश दाखवतो. एकीत आर्द्रता 60 टक्के, तिथे वेट बल्ब सुमारे 22 अंश येतो. दुसरीत 37 टक्के, तिथे 18. कॉइलवर पडणारं ओझं दोन्हीकडे वेगळं आहे, म्हणून कॉइलमधून बाहेर पडणारा गॅस किती तापलेला असावा, हेही वेगळं.

सगळ्यात आधी तुमचं मशीन कोणतं ते पाहा, कारण ही पद्धत सगळ्यांना लागू नाही. जुना, एकाच वेगाने चालणारा स्प्लिट किंवा विंडो एसी असेल आणि आत कॅपिलरी (गॅसचा प्रवाह रोखणारी, न बदलणारी बारीक नळी) असेल, तर वेट बल्बचं गणित तुमच्यासाठी आहे. इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसरचा वेग आणि बऱ्याचदा गॅसचा प्रवाह कमी-जास्त करणारा एक्स्पान्शन व्हॉल्व्हही सतत बदलत असतो, तिथे हे गणित चालत नाही. तिथे एकच रस्ता: उरलेला गॅस काढून घ्यायचा, गळती शोधून बुजवायची, पंपाने आतली हवा ओढून व्हॅक्यूम करायचा आणि आऊटडोअरच्या पट्टीवर लिहिलेल्या ग्रॅमनुसार काट्यावर तोलून गॅस भरायचा. कॅपिलरीच्या मशीनमध्येसुद्धा तोलून भरणं हीच पहिली पसंती असावी. वेट बल्बची तपासणी त्यानंतरची खातरजमा, किंवा पट्टी गंजून वाचता येत नसेल तेव्हाचा आधार. किनाऱ्याजवळच्या घरांत अशा पट्ट्या बऱ्याच दिसतात.

गॅस कोणता तेही पट्टीवरच लिहिलेलं असतं. आर-22, आर-410ए, आर-32 या प्रत्येकाचा दाब वेगळा. आर-32 पेट घेऊ शकतो, त्यामुळे त्याच्या आसपास पाईप जोडायच्या ब्रेझिंगची ज्योत किंवा सिगारेट नको, खिडक्या उघड्या हव्यात.

सामान आणि मशीनची तयारी

बारीक प्रोबचे दोन डिजिटल थर्मामीटर घ्या, एक कोरडा ठेवायला आणि एक ओला करायला. एकाच कंपनीचे, एकाच प्रकारचे असले तर बरं. दोन्ही आधी कोरडेच शेजारी ठेवा. आकडे जुळले पाहिजेत. मग पेलाभर बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी ढवळून त्यात बुडवा. शून्याच्या जवळ आले की विश्वास ठेवा. अर्ध्या अंशाचा फरक दिसला तर तो कागदावर लिहून ठेवा आणि पुढच्या प्रत्येक आकड्यात धरा.

वातीसाठी पांढरी सुती नाडी किंवा मलमलीची पट्टी चालते. देवघरातली कोरी फुलवातसुद्धा चालेल, फक्त तिला तेला-तुपाचा हात लागलेला नसावा. नवीन कापडात खळ असते, ती पाणी ओढू देत नाही, म्हणून एकदा उकळत्या पाण्यातून काढून स्वच्छ धुवा. पाणी डिस्टिल्डच हवं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला आणलेलं न उघडलेलं कॅन घरात असेल तर त्यातलं घ्या. विहिरीच्या पाण्यातले क्षार वातीत साचतात, पाणी उडायचा वेग मंदावतो आणि आकडा खोटा चढतो. खारा वारा आणि बोटांचा घाम यांनीही तेच होतं, तेव्हा वात चिमट्याने बसवा आणि वारंवार बदला.

फिल्टर धुवा. इनडोअर कॉइलवर बुरशी आणि धूळ साचली असेल तर तेही साफ करून घ्या. हे टाळून पुढे गेलात तर बाकी सगळी मेहनत फुकट, कारण ज्या तक्त्यावर हे गणित उभं आहे, तो टनामागे मिनिटाला साधारण 400 घनफूट हवा वाहते असं धरूनच बनलेला आहे. तुंबलेल्या फिल्टरमुळे हवा कमी पडली की गॅस नेमका असला तरी जास्त भरल्यासारखा दिसतो. फॅन सगळ्यात वेगात, तापमान सगळ्यात खाली, दारं-खिडक्या बंद करून एसी 15 ते 20 मिनिटं चालू द्या.

ओली वात कशी लावायची

वात प्रोबच्या टोकावर चढवा आणि टोकाच्या वर तीन-चार सेंटीमीटर दांडीही झाका. दांडी उघडी राहिली तर तिच्यातून खोलीची उष्णता टोकापर्यंत उतरते. पाणी खोलीच्या तापमानाचं घ्या. फ्रिजमधलं घेतलंत तर आकडा सुरुवातीलाच खाली दिसेल आणि तुम्ही घाईने तोच लिहून मोकळे व्हाल. वात चिंब भिजवून झटका, ठिबकता कामा नये. इनडोअरच्या आत सर्किट असतं, त्यावर थेंब पडू देऊ नका.

मोजायची ती खोलीतली हवा कॉइलमध्ये शिरते तिथली. स्प्लिटमध्ये ती वरच्या जाळीतून ओढली जाते, विंडो एसीत समोरच्या जाळीतून. स्टुलावर चढून प्रोब जाळीच्या तोंडाशी धरा, पण अंगापासून हातभर लांब. श्वासाची वाफ लागली तरी आकडा हलतो. इनडोअरवर पडदा किंवा माळ्याची फळी आली असेल तर खालून निघणारी गार हवाच वळून वर शिरते, आणि मग तुम्ही खोलीची हवा मोजतच नाही. आधी तो अडथळा काढा.

पंख्याखाली घाम वाळताना अंग गार पडतं, तसंच इथे होतं: वातीतलं पाणी उडतं आणि प्रोब थंड होतो. पण त्याला वारा लागतो. जाड काचेच्या थर्मामीटरला सेकंदाला तीन ते पाच मीटर वेगाची हवा हवी, म्हणूनच त्याला दांडीला बांधून गरगर फिरवतात. जाळीपाशी वारा इतका जोराचा नसतो. बारीक प्रोबला तेवढ्यावर भागू शकतं; शंका वाटली तर बॅटरीवरचा छोटा पंखा शेजारी धरा आणि आकडा आणखी उतरतो का ते पाहा. उतरला तर आधीचा वारा कमी पडत होता.

आता नजर आकड्यावर ठेवा. साधारण असा प्रवास दिसेल: 28, मग 25, 23.4, 22.6, 22.3, 22.2, 22.2. इथे तो थबकतो. थोड्या वेळाने 22.4, 22.7 असा पुन्हा चढू लागतो, म्हणजे वात सुकायला लागली. तुमचं वेट बल्ब तापमान तो मधला, सगळ्यात खालचा, टिकलेला आकडा. वात पुन्हा भिजवा, पुन्हा मोजा. दोन वेळा तोच आकडा आला की लिहा. कोरड्या थर्मामीटरचा आकडाही त्याच जागेवरून त्याच वेळी घ्या.

आर्द्रता मोजणारं छोटं डिजिटल यंत्र वापरून आर्द्रतेच्या तक्त्यातून वेट बल्ब काढता येतो, हे खरं. पण स्वस्त यंत्रात पाच टक्क्यांची चूक सहज असते, आणि 28 अंश, 60 टक्क्यांच्या आसपास ती चूक वेट बल्बमध्ये सुमारे 0.8 अंशाची होते. मोबाईलवरच्या हवामानाचा आकडा तर मुळीच घेऊ नका. पणजीला आल्तिनोवरच्या वेधशाळेतली आर्द्रता म्हणजे तुमच्या झोपायच्या खोलीतली नव्हे.

बाहेरचं तापमान

आऊटडोअरच्या मागच्या किंवा बाजूच्या जाळीतून जी हवा आत शिरते तिचं कोरडं तापमान, सावलीत. पंख्यातून बाहेर फेकली जाणारी गरम हवा नको. मडगाव-म्हापशातल्या नव्या इमारतींत सगळे आऊटडोअर एका अरुंद डक्टमध्ये टांगलेले असतात आणि एकमेकांची गरम हवा पितात. तिथे रस्त्यावर 32 अंश असताना जाळीपाशी 38 सापडू शकतात. गणितात 38 च धरायचे, कारण मशीनला तेच भोगावे लागतात.

गणित

वेट बल्बला दीडने गुणा. त्यातून बाहेरच्या तापमानाचा निम्मा आकडा वजा करा. उरेल त्यातून आणखी 4.4 वजा करा. जे येईल ती अपेक्षित सुपरहीट, म्हणजे गॅस उकळून संपल्यावर पाईपमध्ये आणखी किती अंश तापलेला असावा ते. मूळ अमेरिकी तक्ता फॅरनहाइटमध्ये आहे, हे त्याचंच सेल्सिअसमधलं सुटसुटीत रूप.

आपल्या उदाहरणात वेट बल्ब 22.2 आणि बाहेर 32. दीडपट 33.3, वजा 16, वजा 4.4, उत्तर सुमारे 13 अंश. वेट बल्बमध्ये एक अंश चुकलात तर उत्तरात दीड अंश चुकता. वात अर्धवट सुकलेली असताना मोजलंत तर आकडा वर जातो, अपेक्षित सुपरहीट फुगते आणि गॅस कमी भरला जातो. उलट आर्द्रता कमी दाखवणाऱ्या यंत्रावर विसंबलात तर गॅस जास्त जातो, द्रवरूपातच कॉम्प्रेसरकडे परततो आणि कॉम्प्रेसरचं आयुष्य खातो. म्हणून वातीच्या बारकाव्यांवर मी इतका वेळ घेतला. उत्तर तीन अंशांच्याही खाली आलं तर या पद्धतीने गॅस भरूच नका, तोलून भरा.

प्रत्यक्ष सुपरहीट मेकॅनिक काढेल. कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या सक्शनच्या जाड पाईपवर, सर्व्हिस व्हॉल्व्हजवळ, क्लॅम्पचा प्रोब लावून वर फोम गुंडाळायचा. गेजवरच्या दाबाला त्या गॅसचं कोणतं उकळण्याचं तापमान येतं ते पाहायचं आणि पाईपच्या तापमानातून वजा करायचं. आर-22 मध्ये सुई 76 पीएसआय (दाबाचं एकक) वर असेल तर ते तापमान सुमारे 7 अंश. पाईप 25 अंशांवर असला तर सुपरहीट 18. अपेक्षा 13 ची होती, म्हणजे गॅस कमी आहे. अपेक्षेपेक्षा फार खाली आली असती तर जास्त भरलेला असता. तीन अंशांपर्यंतचा फरक चालतो. गोवा किनारपट्टीवर आहे, त्यामुळे गेजला किंवा वेट बल्बला उंचीची दुरुस्ती करावी लागत नाही.

पुन्हा मोजा

ही पायरी बहुतेक वेळा गाळली जाते, आणि दमट हवेत तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. गॅस थोडा थोडा सोडायचा आणि दर वेळी 10 ते 15 मिनिटं थांबायचं. तेवढ्या वेळात एसी खोली कोरडी करत असतो. ड्रेनच्या नळीतून पाण्याची धार लागलेली दिसली की समजा, वेट बल्ब खाली सरकतोय. 22.2 चा 20.5 झाला तर अपेक्षित सुपरहीट 13 वरून सुमारे 10 वर येते. पहिल्याच आकड्याला धरून मेकॅनिक भरत बसला, तर तो अर्ध्या तासापूर्वीच्या खोलीसाठी गॅस भरतोय. म्हणून प्रत्येक वेळी वात नव्याने भिजवा, वेट बल्ब, बाहेरचं तापमान आणि सुपरहीट ही तिन्ही मोजमापं नव्याने घ्या आणि गणित पुन्हा करा. मेकॅनिकला घाई असेल तर वात तुम्ही धरा, बहुतेकांना मदतीला हरकत नसते.

गॅस कमी निघाला, तर तो कुठून गेला हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. एसीतला गॅस वापरून संपत नाही, तो गळतो. खाऱ्या हवेत फ्लेअर जॉइंट (पाईप नटाने आवळलेले जोड) आणि कॉइलची वळणं आधी गंजतात. साबणाचा फेस लावून किंवा नायट्रोजनचा दाब देऊन ती जागा सापडते.

शेवटी एका कागदावर तारीख, वेट बल्ब, बाहेरचं तापमान, सुपरहीट आणि भरलेले ग्रॅम लिहून तो इनडोअरच्या पॅनेलच्या आतल्या बाजूला चिकटवा. पुढच्या वर्षी फिल्टर धुऊन हीच मोजमापं घ्या. प्रत्यक्ष सुपरहीट अपेक्षेपेक्षा वर सरकू लागली असेल, तर खोली गार होत असतानाच गळतीचा पत्ता लागतो.