मशीन बसलंय, लाइन मात्र चालली पाहिजे

मेन्टेनन्सला नव्याने लागलेल्या पोरांना वाटतं, ब्रेकडाऊन झाला की पाना घेऊन पळायचं. पळू दे फिटरला. तुम्ही आधी बिघडलेल्या मशीनच्या पुढे तयार माल किती पडलाय ते मोजा. 900 नग आहेत आणि पुढची लाइन तासाला 150 खाते, म्हणजे सहा तास हातात आहेत. दुरुस्ती चार तासांची असेल तर आरडाओरड कशाला? दहा तासांची असेल, तर मधल्या चार तासांचा माल जुन्या मशीनवर काढायचा की बाहेर जॉबवर्कला द्यायचा, हे लगेच ठरवावं लागतं.

मशीनांना दाबाची हवा पुरवणारा कॉम्प्रेसर बसला तर हा हिशोब चालत नाही, कारण हवेचा साठा काही मिनिटांचाच. आमच्याकडे दोनपैकी मोठा स्क्रू कॉम्प्रेसर बेअरिंग जाऊन थांबला. उरलेल्या हवेवर सगळी मशीनं चालू ठेवली असती तर दाब उतरून एकेक करत सगळीच ट्रिप झाली असती. म्हणून सफाईच्या एअर गन आणि घाईच्या नसलेल्या सेलचे, म्हणजे मशीनच्या गटांचे, व्हॉल्व्ह बंद केले. ज्या मशीनवर डिस्पॅच अडलं होतं, त्यांना हवा राखली. मग गळत्या शोधल्या. 7 बारवर 3 मिलिमीटरच्या भोकातून सेकंदाला साधारण 10 लिटर हवा जाते, आणि अशी भोकं एरवी कुणाच्या खिजगणतीत नसतात.

प्रेशर स्विच दाब उतरला की मशीन थांबवतो. अशा वेळी ‘प्रेशर स्विच बायपास कर’ म्हणणारा कुणीतरी भेटतोच, बहुधा हुद्द्याने मोठा. हवेवर चालणाऱ्या क्लच-ब्रेकचा प्रेस असेल तर साफ नाही म्हणा. दाब कमी पडला की तो थांबलाच पाहिजे. तिथे माणसाचे हात असतात.

भाड्याचा कॉम्प्रेसर मागवताना नुसती क्षमता विचारू नका. सोबत हवा सुकवणारा ड्रायर आहे का, हवेत तेल येतं का, होज आपल्या हेडरला, म्हणजे हवेच्या मुख्य पाइपला, बसते का, हेही विचारा. ओली हवा गेली तर आठवड्याभराने मशीनची हवा चालू-बंद करणारे विजेवरचे सोलेनॉइड व्हॉल्व्ह अडकायला लागतात.

प्लॅनिंगवाल्यांना ‘होईल दोन तासांत’ असं सांगू नका. ‘बेअरिंग स्टोअरमध्ये असेल तर रात्रीपर्यंत, नसेल तर परवा’ असं सांगा, म्हणजे त्यांना गाड्या पुढेमागे करता येतात. दुरुस्तीनंतरही भाड्याचं मशीन लगेच परत पाठवू नका. आपलं पूर्ण लोडवर एक शिफ्ट चालू द्या, तापमान बघा.